अगो

ग्रिम्सबीच्या गोदीमागे एक वाचनालय आहे,
माशांवरच्या बर्फाचा वास त्याच्या जिन्यापर्यंत येतो.
वरच्या मजल्यावर, मंगळवारी सात वाजता
मी इंग्रजी शिकवतो.
आज फळ्यावर एकच शब्द: अगो.

माझ्या कानाला तो अजूनही हाकेसारखा लागतो,
परसातून कुणी कुणा बाईला बोलवावं तसा.
हे मी वर्गाला सांगत नाही.
सांगतो ते नियमाचं.
बिफोर, सिन्स, इन हे सगळे पुढे धावणारे;
हा एकटा मागून येतो.
आधी आकडा, मग हा,
आमच्या 'पूर्वी'सारखा, घरचाच वाटावा असा.
मोजायचं ते आजपासून, या खुर्चीपासून, मागे.
आणि याच्या पंगतीला हॅव नाही, हॅज नाही.
याला मिटलेलं क्रियापद लागतं,
दार लावून घेतलेलं.

तेस्फालेम लगेच लिहितो:
आय एट फिश टू अवर्स अगो.
दिवसभर मासे सोलणाऱ्यानं रात्री तेच खावं
याचं सगळ्यांना हसू येतं.

मागच्या बाकावर क्लिफर्ड. इथलाच, या गोदीवरचा.
पंधराव्या वर्षी ट्रॉलरवर चढला, अक्षरं धक्क्यावर राहिली.
तो म्हणतो, थ्री इयर अगो.
इयर्स, क्लिफर्ड.
"माझा बाप इयर म्हणायचा," तो म्हणतो,
"आणि त्याला दुरुस्त करणारा माणूस मी पाहिला नाही."

मग झिविलेची वही.
अंगठ्याला निळी पट्टी, कागदावर ओलसर डाग,
आणि त्याखाली, शाळकरी वळणात:
माय सन हॅज गॉन टू नॉर्वे टेन इयर्स अगो.
मी हॅज गॉन खोडलं. वर लाल शाईनं लिहिलं, वेंट.

तिनं ते वाचलं. परत वाचलं.
"वेंट संपतं," ती म्हणाली.
"गिंटारस संपलेला नाही. फक्त फोन लागत नाही."

मी नियम पुन्हा सांगितला, जरा मोठ्यानं,
जणू तिला ऐकू कमी येतं:
वर्षं मोजायची तर दार लावा.
दार उघडं हवं तर वर्षं मोजू नका.

आणि सांगता सांगता, जुन्या खोडीनं,
मनातल्या मनात मराठी केलं.
तिचं वाक्य: मुलगा गेला आहे.
माझी दुरुस्ती:
मुलगा गेला.

एवढंसं एक 'आहे'.
आमच्याकडे 'गेला'च्या पुढे काही येतंय का म्हणून
माणसं फोनवर श्वास धरून थांबतात.

हीटर खडखडत होता. कुणी काही बोलेना.
मग क्लिफर्ड, कित्त्यातून मान वर न काढता:
"ही'ज बीन गॉन टेन इयर.
बोटीवरच्यांना आमच्या बायका असंच म्हणायच्या.
अगो कशाला हवा मध्ये?"

मी ते फळ्यावर लिहिलं. नियमाला लावून पाहिलं.
वर्षं मोजलेली. दार उघडं.
चूक एकच, शेवटचा एस नाही.
खडू हातात होता, जागाही होती.
झिविले उतरवून घेत होती, ओठ हलवत,
जसं होतं तसं.
दहा वर्षांचं ते एकच लांबलेलं वर्ष
मी अनेकवचनी केलं नाही.

खाली रखवालदारानं किल्ल्या वाजवल्या.
सगळे गेल्यावर फळ्यावरून ओला फडका फिरवला.
घाईत नीट पुसलं गेलं नाही;
दिवा बंद करताना पाहिलं तर
'अगो'तली शेवटची ओ
तेवढी राहिली होती.